जुनी विजेरी: जपून ठेवावी की पुन्हा उजळावी?

१/
पितळी अंगाची, दोन सेलची जुनी विजेरी घरात सापडली तर तिचे काय करावे? इतिहासप्रेमी मंडळींत या प्रश्नावर हमखास दोन तट पडतात. एक म्हणतो, हात लावू नका. आहे तशी कपाटात ठेवा. दुसरा म्हणतो, पुन्हा भरता येणारे सेल घाला, अधिक प्रखर बल्ब बसवा आणि वापरा. माझे मत दुसऱ्या तटाच्या बाजूचे आहे. हे मत हौसेतून आलेले नाही. विजेरीचा इतिहासच ते मांडायला लावतो. लांबलचक धागा आहे, सवडीने वाचा.

२/
आधी शब्दांचा निवाडा करू. शब्दकोशात ‘विजेरी’ आहे, शहरात ‘टॉर्च’ आहे, आणि आमच्या संग्रामपूर तालुक्यात, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, ती ‘ब्याटरी’ आहे. तिच्या पोटात जातो तो ‘सेल’. इंग्रजीत जे नाव ऊर्जेच्या साठ्याचे, ते आपण प्रकाशाच्या साधनाला दिले. रात्री वावरात निघालेल्या माणसाला घरातून हटकून विचारले जाते, “ब्याटरी घेतली का रे?” या धाग्यात मी ‘विजेरी’ लिहीन. तुम्ही मनात ‘ब्याटरी’ वाचलेत तरी चालेल.

३/
विजेरीचे पेटंट डेव्हिड मिसेल या इंग्रज संशोधकाला अमेरिकेत १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले. कागदी नळी, तिच्यात एकामागे एक ठेवलेले तीन कोरडे सेल, पुढे छोटा बल्ब आणि परावर्तक, अशी तिची रचना होती. हे पेटंट ज्या कंपनीकडे गेले, तिचा मालक कॉनराड ह्यूबर्ट हा रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेला स्थलांतरित. ‘एव्हरेडी’ हे नाव पुढे याच कंपनीच्या मालावर आले. आरंभीच्या काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट देण्यात आल्या होत्या.

४/
या पहिल्या विजेऱ्या सलग जळत नसत. सेल दुबळे होते आणि बल्बातील कार्बनची तार वीज फार खाई. क्षणभर कळ दाबायची, लखकन उजेड पडायचा, मग सेलला विसावा द्यायचा. अमेरिकी इंग्रजीत तिला ‘फ्लॅशलाइट’ म्हणतात ते त्या लखकन पडणाऱ्या उजेडावरून. १९१० च्या सुमारास टंगस्टनची लवचीक तार हाती आली आणि विजेरी खऱ्या अर्थाने जळू लागली.

५/
इथे पहिला मुद्दा लक्षात घ्या. टंगस्टनचा बल्ब आला म्हणून जुनी विजेरी फेकण्याचे कारण उरले नाही. जुना बल्ब काढून नवा बसवता आला. ‘अधिक प्रखर बल्ब घालून जुनी विजेरी सुधारणे’ ही आजच्या हौशी लोकांची कल्पना मुळीच नाही. विजेरीच्या पहिल्या दशकापासून ती तिच्या आयुष्याचा भाग आहे.

६/
हे शक्य झाले ते दोन प्रमाणमापांमुळे. पहिले सेलचे. ज्याला आपण ‘मोठा सेल’ म्हणतो तो ‘डी’ आकाराचा सेल १८९८ पासून चालत आला आहे. जाडी सुमारे ३४ मिलिमीटर, उंची सुमारे ६१ मिलिमीटर. दुसरे बल्बचे. विजेरीच्या छोट्या बल्बच्या बुडाला १० मिलिमीटर व्यासाचे आटे असतात. ही दोन मापे इतकी दीर्घायुषी ठरली, की आजोबांच्या विजेरीत नातवाने आज विकत आणलेला सेल बिनबोभाट बसतो. प्रमाणमाप म्हणजे एका पिढीने पुढच्या पिढीला दिलेली परवानगी असते: उघडा, बदला, वापरा.

७/
भारतात एव्हरेडीची कंपनी १९३४ साली कलकत्त्यात नोंदली गेली. १९५८ साली लखनौला तिचा विजेऱ्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली कंपनीचे नाव झाले ‘युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड’. होय, तीच. भोपाळचा कीटकनाशकांचा कारखाना याच कंपनीचा होता. २ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटताना त्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. पुढे १९९४ साली भारतीय कंपनीतील हिस्सा विकला गेला आणि ‘एव्हरेडी इंडस्ट्रीज’ हे नाव आले. वावराची वाट दाखवणारा लाल सेल आणि भोपाळची ती रात्र एकाच ताळेबंदात नोंदलेली आहेत. वस्तूचा इतिहास लिहिताना हे पान गाळता येत नाही.

८/
एव्हरेडीखेरीज अलाहाबादची ‘जीप’ आणि सेलपुरते बोलायचे तर ‘निप्पो’, ‘नोविनो’ ही नावे आपल्याकडील घराघरांत ओळखीची होती. पितळी नळी, तिच्यावर निकेलचा मुलामा, पकड घट्ट राहावी म्हणून अंगावर उभ्या रेघा, पुढे-मागे सरकणारी कळ आणि मागच्या झाकणात स्प्रिंग. काही विजेऱ्यांत पुढचे तोंड फिरवले की झोत आखूड किंवा लांब होई. एकही भाग असा नसे, की जो हाताने उघडता येणार नाही.

९/
विजेरीआधीची रात्र कशी होती, ते आपल्या भाषेने जपून ठेवले आहे. दिवटी, मशाल, पलिता, टेंभा, हिलाल, चिमणी, कंदील. दिवटी धरणाऱ्यांचे काम ‘दिवटे’ या आडनावात आजही टिकून आहे. या साऱ्या साधनांत आणि विजेरीत मोठा फरक हा, की त्यांचा उजेड धरणाऱ्याभोवती पसरतो; विजेरीचा उजेड मात्र समोर, दूरवर फेकता येतो. शिवाय वाऱ्यापावसात तो विझत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही मोठी क्रांती होती, कारण साप पायाशी असतो आणि रानडुक्कर बांधाच्या पलीकडे.

१०/
आता संग्रामपूर. बुलढाणा जिल्ह्याचा हा उत्तरेकडील तालुका. वर सातपुड्याची रांग, खाली पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. सोनाळा-टुनकीच्या बाजूने डोंगर चढू लागला की अंबाबरवा अभयारण्य लागते. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. जंगलाच्या कडेला वावर असणे याचा अर्थ रब्बीच्या दिवसांत जागल करणे: हरभऱ्यात रानडुक्कर, गव्हात रोही, आणि कधीतरी बांधावर उमटलेला मोठ्या पंजाचा ठसा. अशा ठिकाणी विजेरी हे शेतीचे अवजार असते, कुदळ-फावड्याच्या रांगेतले.

११/
“पण आता गावोगाव वीज आहे ना?” असे शहरातील मित्र विचारतात. उत्तर फीडरमध्ये आहे. महाराष्ट्रात गावठाणाचे आणि शेतीचे वीजवाहक वेगळे करण्याची योजना राबवली गेली. घरांना दिवसरात्र वीज देता यावी आणि कृषिपंपांना ठरावीक तास, असा तिचा हेतू. परिणामी शेतीपंपाला आलटून-पालटून दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास थ्री-फेज वीज, हे वेळापत्रक एका अख्ख्या पिढीला तोंडपाठ झाले. गाव उजळले, वावर मात्र रात्रीच्या पाळीत गेले.

१२/
म्हणजे विजेरी टिकली ती वीज नव्हती म्हणून नाही. वीज रात्री येत होती म्हणून. डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्री मोटार सुरू करायला जाणे, तुषारचे पाइप एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात हलवणे, स्टार्टरच्या पेटीत हात घालण्याआधी आत काही बसले नाही ना हे पाहणे. मण्यार रात्री हिंडते, घोणसही बहुधा रात्रीच. भारतातील बहुतांश सर्पमृत्यूंना जबाबदार असणाऱ्या चार सापांपैकी हे दोन. मंद पिवळा उजेड आणि स्पष्ट उजेड यांतला फरक इथे आवडीनिवडीचा नाही.

१३/
म्हणूनच विजेरी ‘सुधारण्याची’ खरी परंपरा संग्राहकांच्या टेबलावर जन्मली नाही. ती काटकसरीत जन्मली. सेलची किंमत घरखर्चात जाणवत असे. म्हणून सेलची उतरंड ठरलेली असे: नवा सेल आधी विजेरीत, तिथे मंदावला की रेडिओत, तिथे थकला की भिंतीवरच्या घड्याळात. विजेरी सर्वांत जास्त वीज ओढते आणि घड्याळ सर्वांत कमी, हे विद्युतशास्त्र न शिकता लोकांनी अचूक ओळखले होते.

१४/
थकलेले सेल उन्हात ठेवण्याची पद्धत तर अनेकांनी पाहिली असेल. पत्र्यावर मांडलेल्या सेलच्या ओळीला अंधश्रद्धा म्हणून हसू नका. उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वेग घेते आणि सेलचा अंतर्गत रोध घटतो. विसाव्यामुळेही जस्त-कार्बन सेलचा दाब थोडा सावरतो. उरलीसुरली शक्ती मिळते, नवी भरली जात नाही. म्हणून उजेड येतो, पण घटकाभरच.

१५/
या सेलचा दुसरा दुर्गुण म्हणजे गळणे. जस्ताचा डबाच त्यात एक ध्रुवही असतो आणि भांडेही. वीज देता देता भांडेच झिजते, त्याला छिद्र पडते आणि आतील क्षार बाहेर पाझरतात. पितळ हिरवे पडते, स्प्रिंग सडते, सेल नळीत चिकटून बसतात. कपाटात ‘आहे तशी’ जपलेल्या कित्येक विजेऱ्यांचा अंत त्यांच्याच पोटातील विसरलेल्या सेलने केला आहे. नुसते न हाताळणे म्हणजे जतन, या समजुतीला विजेरी स्वतःच उत्तर देते.

१६/
आता पुन्हा भरता येणाऱ्या सेलकडे वळू. ही कल्पनाही जुनी आहे. शिसे-आम्लाची बॅटरी गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली केली. निकेल-कॅडमियमची बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी केली ती १८९९ साली, म्हणजे मिसेलला पेटंट मिळाले त्याच वर्षी. विजेरी आणि तिला साजेसा पुनर्भारित सेल हे तसे जुळे भाऊ. भेट मात्र फार उशिरा झाली. आज दुकानात मिळणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १९८९ च्या सुमारास बाजारात आले.

१७/
इथे एक शंका नेहमी येते. साध्या सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेले असते, पुनर्भारित सेलवर १.२. मग उजेड कमी नाही का पडणार? नाही. १.५ हा आकडा सेल निवांत असतानाचा आहे. बल्ब जोडला की जस्त-कार्बन सेलचा दाब घसरू लागतो आणि घसरतच राहतो. विजेरीच्या जुन्या कारागिरांना हे ठाऊक होते. म्हणूनच ३ व्होल्टच्या दोन-सेली विजेरीसाठी बल्ब असे २.५ व्होल्टचा. निकेलचा सेल मात्र १.२ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकून राहतो. दोन सेल मिळून २.४. बल्बच्या मागणीशी हे जवळपास तंतोतंत जुळते.

१८/
आणि सेल बदलला की मगच प्रखर बल्बचा विचार करता येतो. या दोन सुधारणा जोडीनेच चालतात. जुना बल्ब ०.३ अँपिअर घेई. २.४ व्होल्ट व ०.७ अँपिअरचा क्रिप्टन वायू भरलेला बल्ब त्याच्या दुपटीहून अधिक वीज मागतो. जस्त-कार्बन सेल त्या ओझ्याखाली लवकर मान टाकतो. उत्तम दर्जाच्या मोठ्या निकेल सेलची क्षमता १०,००० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते, म्हणजे हा बल्ब हिशेबाने चौदा तास जळू शकतो. मात्र स्वस्तातल्या काही मोठ्या सेलच्या पोटात छोटाच सेल दडवलेला असतो. सेल हातात घेऊन वजन पाहा; हलका लागला तर ठेवून द्या. बल्ब घेताना त्याचे बूड आट्यांचे आहे की कॉलरचे, हेही तपासा.

१९/
अतिलोभ करू नये, याचेही गणित आहे. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने वाढतो आणि आयुष्य तेराव्याच्या आसपासच्या घाताने घटते. व्होल्टेज ५ टक्के वाढवले तर उजेड १८-१९ टक्के वाढेल, पण आयुष्य जवळपास निम्मे होईल. १० टक्के वाढवले तर उजेड सुमारे ४० टक्के अधिक, आयुष्य मात्र तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मध्यरात्री वावराच्या मधोमध बल्ब उडाला तर त्या ४० टक्क्यांचे काय करणार? त्यातून प्रखर बल्बची उष्णता प्लास्टिकच्या काचेला आणि परावर्तकाला सोसत नाही. ही सुधारणा धातूच्या विजेरीलाच शोभते.

२०/
सर्वांत स्वस्त सुधारणा तर सेलचीही नाही आणि बल्बचीही नाही. ती सफाईची आहे. कळेची पट्टी, स्प्रिंग आणि झाकणाचे आटे यांवरील गंजामुळे समजा ०.२ ओहमचा रोध आला. ०.७ अँपिअरला तिथे ०.१४ व्होल्ट वाया जातात आणि उजेड जवळपास एक पंचमांशाने घटतो. बारीक पॉलिश कागदाने ही ठिकाणे घासली, तरी जुनी विजेरी नवी भासू लागते. प्रखर बल्ब जितका मोठा, तितका हा गंज महाग पडतो.

२१/
“मग सरळ एलईडी का घालू नये?” रास्त प्रश्न. प्रखर निळ्या एलईडीने पांढऱ्या एलईडीची वाट मोकळी केली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तेवढ्याच विजेत एलईडी कितीतरी पट उजेड देतो, यात वाद नाही. अडचण परावर्तकाची आहे. जुना परावर्तक चहूबाजूंनी प्रकाशणाऱ्या इवल्या तारेसाठी घडवला होता. एलईडी मुख्यतः समोरच प्रकाश टाकतो, त्यामुळे बराचसा प्रकाश परावर्तकाला न शिवताच पसरतो. पायापाशी उजेड वाढतो, दूरचा झोत हरवतो. तार होती त्याच जागी, कडेला प्रकाश टाकणारा एलईडी बसवला तरच हे साधते. पाऊलवाटेसाठी साधा एलईडी चालेल. बांधापलीकडचे पाहायचे असेल तर चालणार नाही.

२२/
लिथियमबाबत मात्र कडक शब्द. १८६५० नावाचा लिथियम सेल, म्हणजे १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. २.५ व्होल्टचा बल्ब त्यावर क्षणात उडेल. त्याहून गंभीर गोष्ट ही, की जुन्या विजेरीची धातूची नळी बहुधा विद्युतमंडलाचाच भाग असते आणि तिच्यात फ्यूज नसतो. संरक्षक पट्टी नसलेला, जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल तिच्यात घुसवला आणि तो कुठे टेकला, तर हातात आगीची नळी येईल. उत्साही तरुणांनो, इथे इतिहासप्रेम आवरते घ्या. निकेलचे सेल पुरेसे आहेत.

२३/
आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. बदल केला की वस्तूची ‘मूळ’ अवस्था नष्ट होते, असे संग्राहक म्हणतात. मी विचारेन, मूळ म्हणजे कोणत्या दिवसाची? तांब्यापितळेच्या भांड्यांना वर्षानुवर्षे कल्हई होत आली. कल्हईवाल्याने नवा थर दिला म्हणून पातेल्याचे जुनेपण गेले, असे कोणी म्हटले नाही. उलट कल्हई थांबली तेव्हा ते पातेले माळ्यावर गेले. नांगराचा फाळ लोहाराकडे पाजवला जाई, कुऱ्हाडीचा दांडा बदलला जाई. वापराची वस्तू बदलतच जगते. बदल थांबलेली वस्तू वारलेली असते. तिचे आपण प्रेत जपतो.

२४/
इतिहासलेखनातही हे भान आलेले आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ च्या ग्रंथात शोधांच्या तारखांपेक्षा वस्तूंच्या वापराचा, देखभालीचा आणि दुरुस्तीचा इतिहास लिहावा, असा आग्रह धरला. डेव्हिड अर्नोल्ड यांनी २०१३ साली सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे भारतीय आधुनिकतेचा इतिहास मांडला. या मांदियाळीत विजेरीला जागा हवी. ती मिळेल ती पेटंटच्या क्रमांकाने नव्हे. पट्टीवर मारलेल्या डागाने, बदललेल्या स्प्रिंगने आणि तुटलेल्या काचेच्या जागी बसवलेल्या दुसऱ्या काचेने मिळेल.

२५/
तरीही संग्राहकांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. बदल असा असावा, की तो परत फिरवता येईल. त्यासाठी चार नियम पुरेत. नळीला भोक पाडू नका, काही कापू नका. मूळ बल्ब, स्प्रिंग आणि काच फेकू नका. पुडीत बांधून विजेरीसोबत ठेवा. कोणी, केव्हा, काय बदलले याची चिठ्ठी लिहा. आणि विजेरी वापरात नसेल तेव्हा सेल बाहेर काढा. एवढे पाळले तर पुढच्या अभ्यासकाला वस्तूही मिळेल आणि तिचे चरित्रही.

२६/
दुसरा इशारा आपल्यासारख्यांना, म्हणजे कौतुक करणाऱ्यांना. अशा सुधारणांना ‘जुगाड’ म्हणून टाळ्या वाजवण्याची फॅशन आहे. ज्याला मध्यरात्री वावरात जावे लागत नाही, त्यालाच त्या टाळ्या परवडतात. उन्हात मांडलेले सेल हे कल्पकतेचे चिन्ह आहे, तसेच ते टंचाईचेही आहे. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीजकेंद्र आहे. विजेच्या इतक्या जवळ राहूनही शेतकऱ्याला दिवसाची वीज मागावी लागली. दिवसा पुरवठा व्हावा म्हणून राज्याने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. ती जिथे खऱ्या अर्थाने पोहोचेल, तिथे प्रखर बल्बची गरज आपोआप ओसरेल. विजेरीच्या इतिहासाचा तो सर्वांत सुखाचा अध्याय ठरावा.

२७/
तिसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. आज बाजारात चार्जिंगच्या स्वस्त विजेऱ्या आहेत. उजेड भरपूर देतात, पण त्यांची बॅटरी आत डाग देऊन पक्की केलेली असते आणि कवच चिकटवलेले असते. बॅटरी मेली की विजेरीही मेली. सेलचे प्रमाणमाप नाही, बल्बचे आटे नाहीत, उघडायला झाकण नाही. एका शतकापूर्वी मिळालेली ती ‘परवानगी’ इथे गुपचूप काढून घेतली आहे. उजेडात आपण पुढे गेलो आणि मालकीत मागे आलो.

२८/
जगाला हे उमगू लागले आहे. युरोपीय महासंघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, उपकरणांतील छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत. भारतातही २०२२ साली बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले आणि त्याच वर्षी ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयाचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. पण मेलेली बॅटरी परत घेणारी व्यवस्था वरवट बकालच्या बाजारापर्यंत आणि सोनाळ्याच्या दुकानापर्यंत पोहोचेल, तेव्हाच त्या नियमांना अर्थ येईल. तोवर ती बॅटरी उकिरड्यावर जाते, आणि जुनी पितळी विजेरी वजनावर मोडीत.

२९/
मोडीत जाण्याचा हा वेग खरी काळजीची बाब आहे. पितळेला भाव आहे, आठवणीला नाही. किल्ले, ताम्रपट आणि बखरी यांवर आपण भरभरून लिहितो, आणि लिहिलेच पाहिजे. पण विसाव्या शतकातील वऱ्हाडी शेतकऱ्याची रात्र कशी होती, याचा दस्तऐवज कोणत्या दफ्तरात आहे? त्याने दैनंदिनी लिहिली नाही. त्याने विजेरी दुरुस्त केली. ती दुरुस्तीच त्याचे लिखाण.

३०/
म्हणून एक विनंती. या दिवाळीला घरी गेलात तर माळा शोधा. विजेरी सापडली, तर वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारा. ती कुठून आणली? रात्री कोणत्या कामाला लागे? तिच्यात काय काय बदलले, आणि कोणी? सेल संपले की काय करायचे? उत्तरे वहीत उतरवा, विजेरीचे आतून-बाहेरून छायाचित्र घ्या. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही विचारा. त्याच्या खोक्यातील सुट्या भागांत अर्धा इतिहास पडलेला असतो.

३१/
मग तिचे आटे घासा, निकेलचे दोन सेल घाला, जुना बल्ब पुडीत ठेवून नवा बसवा आणि ती घरातील ज्या माणसाला रात्री बाहेर जावे लागते त्याच्या हाती द्या. विजेरी त्यासाठीच घडवली होती.

(समाप्त. तुमच्याकडील विजेऱ्यांच्या नोंदी खाली अवश्य लिहा. गाव आणि साधारण साल नमूद करा.)